जुन्या डिझेल इंजिनाच्या केबिनमध्यें

आगगाडींत बसलेला प्रत्येक उतारू बाजूला पाहतो. खिडकींतून झाडें, शेतें आणि तारांचे खांब मागें पळतांना दिसतात, आणि प्रवास म्हणजे मागें सरत जाणारें दृश्य, अशी त्याची समजूत होऊन बसते. सबंध गाडींत समोर पाहणारा माणूस म्हणजे ड्रायव्हर. फार तर त्याच्या जोडीला त्याचा मदतनीस. या दोघांची जी खोली, जिला रेल्वेचे लोक केबिन म्हणतात, तींत परक्या माणसाला सहसा प्रवेश नसतो, आणि तो नसावा हेंच योग्य आहे. परंतु कांहीं देशांत जुनीं इंजिनें हौशी मंडळींनीं जपून ठेवलीं आहेत, आणि तेथें नियम पाळून, ड्रायव्हरच्या संमतीनें, पाहुण्यालाहि ही समोरची खिडकी क्वचित् लाभते. असें एक ठिकाण उत्तर आयर्लंडांत डाउनपॅट्रिक या गांवीं आहे. तेथील एका डिझेल इंजिनाच्या केबिनमधून काय दिसतें आणि त्यापासून कोणता बोध होतो, याचा विचार मनोरंजक आहे.

डाउनपॅट्रिक हें काउंटी डाउनमधील जुनें गांव. आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याचें दफन येथील टेकडीवर झालें, अशी परंपरा आहे. बेलफास्टहून आगगाडी या गांवीं प्रथम १८५९ सालीं आली, आणि १९५० च्या जानेवारींत तो मार्ग बंद झाला. पुढें रूळहि उखडले गेले. १९८५ च्या सुमारास हौशी लोकांनीं काम हातीं घेऊन त्याचा कांहीं भाग पुन्हां घातला. आज तेथें स्टेशनाची जी इमारत दिसते, ती मूळची स्टेशनाची नव्हेच. गांवांतील गॅसच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाचें तें घर होतें. तें उतरवून येथें पुन्हां उभारलें आहे. येथून एक फांटा क्वॉइल नदी ओलांडून इंच ॲबी या बाराव्या शतकांतील मठाच्या अवशेषांकडे जातो. दुसरा फांटा नॉर्वेचा राजा मॅग्नस याची म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कबरीकडे जातो. हा राजा ११०३ सालीं या भागांत लढाईंत पडला. सारा मार्ग थोड्या मैलांचा आहे. परंतु रूळ खरे आहेत, सिग्नल खरे आहेत, आणि इंजिनेंहि खरीं आहेत.

या रुळांमधील अंतर ५ फूट ३ इंच आहे. इंग्लंडांत तें ४ फूट साडेआठ इंच, आणि आपल्याकडील रुंद मार्गावर ५ फूट ६ इंच. आयर्लंडांतील पहिल्या तीन कंपन्यांनीं तीन निरनिराळीं मापें धरलीं होतीं. त्यांचा वाद मिटवितांना हें चौथेंच माप पसंत करण्यांत आलें आणि १८४६ च्या कायद्यानें तें कायम झालें. याचा एक परिणाम आजहि जाणवतो. एखादें आयरिश इंजिन नाहींसें झालें, तर शेजारच्या इंग्लंडांतून दुसरें आणून तें तसेंच रुळांवर ठेवतां येत नाहीं. जें आहे तेंच जपावें लागतें.

डाउनपॅट्रिक येथील डिझेल इंजिनांपैकीं एकाचा क्रमांक ‘ए ३९’ असा आहे. आयर्लंडच्या सरकारी वाहतूक संस्थेनें, म्हणजे सी. आय. ई. हिनें, १९५५ व १९५६ या दोन वर्षांत अशीं साठ इंजिनें इंग्लंडांतील मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीकडून घेतलीं. येथें एक गंमत ध्यानांत येते. हें इंजिन जन्मास येण्यापूर्वींच डाउनपॅट्रिकचा मार्ग बंद पडला होता. म्हणजे ज्या रुळांवर तें आज धांवतें, त्यांवर तें आपल्या ऐन उमेदींत कधींच आलें नव्हतें. त्याचें आयुष्य दक्षिणेकडील प्रजासत्ताकांत गेलें.

एका लहान देशानें एकदम साठ डिझेल इंजिनें कां घेतलीं, याचें उत्तर कोळशांत आहे. आयर्लंडांत दगडी कोळसा थोडा. आगगाड्यांचा कोळसा येई तो बहुतेक इंग्लंडांतून. दुसऱ्या महायुद्धांत हा पुरवठा आटला. मग हलका कोळसा, कोळशाच्या भुकटीच्या विटा आणि ‘टर्फ’, म्हणजे दलदलींतून कापून वाळविलेली जळाऊ माती, यांवर इंजिनें कशींबशीं चालवावीं लागलीं. वाफ धरण्यासाठीं गाड्या मध्येंच थांबत आणि थोड्या तासांच्या प्रवासाला दिवस पुरत नसे. युद्ध संपलें तरी संकट संपलें नाहीं. १९४७ च्या कडक हिवाळ्यांत कोळशाअभावीं प्रवासी गाड्या मोठ्या प्रमाणावर बंद ठेवाव्या लागल्या. हा अनुभव ज्यांनीं घेतला, त्यांना तेलावर चालणारें इंजिन ही चैनीची वस्तु वाटली नाहीं. १९६३ पर्यंत सी. आय. ई.च्या मार्गांवरून वाफेचीं इंजिनें निवृत्त झालीं.

परंतु नव्या इंजिनांनीं प्रथम फारसें समाधान दिलें नाहीं. त्यांत क्रॉसली कंपनीचें आठ सिलिंडरांचें, बाराशें अश्वशक्तीचें डिझेलयंत्र होतें. तें धूर फार ओकी, हादरे फार देई आणि वारंवार दुरुस्तीस येई. इंजिनांना मोठ्या हौसेनें रुपेरी रंग दिला होता. तेलानें आणि काजळीनें तो थोड्याच दिवसांत ओळखूं येईनासा झाला. इकडे १९६१ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीचीं पंधरा लहान इंजिनें आयर्लंडांत आलीं, आणि पुढल्या वर्षीं आणखी सदतीस आलीं. तीं न कुरकुरतां कामें करूं लागलीं. तेव्हां १९६८ पासून १९७१ पर्यंत जुन्या ‘ए’ इंजिनांतील क्रॉसली यंत्रें काढून त्यांच्या जागीं जनरल मोटर्सचीं बारा सिलिंडरांचीं यंत्रें बसविलीं. अश्वशक्ति बहुतेकांत १३२५ झाली. अंग तेंच, चाकें तींच, विजेच्या मोटरी त्याच. हृदय मात्र नवें. त्यानंतर हीं इंजिनें आणखी पाव शतक राबलीं. शेवटचीं १९९५ सालीं कामावरून काढण्यांत आलीं. साठांपैकीं चार वांचलीं आहेत.

या इंजिनाच्या केबिनमध्यें चढणें म्हणजे जमिनीवरून उभी शिडी चढून एका अरुंद दारांतून आंत शिरणें होय. आंत पाऊल टाकतांच प्रथम नाकाला तेलाचा वास येतो. समोर दोन मोठ्या कांचा, त्यांच्या खालीं घड्याळासारख्या तबकड्या, आणि ड्रायव्हरच्या हाताशीं दोनतीन दांडे, इतकाच पसारा. मोटारींत असतें तसें चाक मात्र कोठेंहि नाहीं. पाहुण्याला हें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु रुळांवर चालणाऱ्या गाडीला वळवावयाचें नसतेंच. ती कोठें जाईल तें सांधे ठरवितात. ड्रायव्हरच्या हातीं दोनच गोष्टी असतात. चालविणें आणि थांबविणें.

पाठीमागच्या पडद्याआड डिझेलयंत्र आहे. तें सुरू करतांना बॅटरीच्या विजेनें प्रथम फिरवितात. सिलिंडरांतील हवा दाबली गेली कीं इतकी तापते, कीं तींत तेलाचा फवारा पडतांच तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरज लागत नाहीं. एक धक्का बसतो, धुराचा एक लोट छपरावरून उडतो आणि मग खोल, संथ घरघर सुरू होते. प्रत्येक सिलिंडरचें आकारमान ६४५ घनइंच आहे, आणि या जातीच्या यंत्राला नांवहि त्याच आंकड्यावरून पडलें आहे. ही घरघर आपल्याकडील उतारूंना अगदींच अनोळखी वाटूं नये. याच घराण्यांतील, ७१० घनइंची सिलिंडरांचें, यंत्र बसविलेलीं इंजिनें वाराणशीच्या कारखान्यांत मोठ्या संख्येनें बांधलीं गेलीं आणि त्यांनीं महाराष्ट्रांतहि गाड्या ओढल्या.

येथें एक प्रश्न कोणालाहि सुचेल. यंत्र तेलावर चालतें, तर मग विजेच्या मोटरी कशाला? याचें कारण असें कीं, डिझेलयंत्राला उभ्या जागीं ओझें उचलतां येत नाहीं. तें विशिष्ट वेगानें फिरत असेल तरच जोर देतें. त्याहून हळू फिरविलें कीं बंद पडतें. आणि आगगाडीला तर सर्वांत अधिक जोर उभ्या जागेवरून हलतांनाच लागतो. विजेच्या मोटरीचा स्वभाव नेमका उलट आहे. ती थांबलेली असतांनाच सर्वांत अधिक जोर लावते. म्हणून डिझेलयंत्र चाकांना न जोडतां जनित्राला जोडतात, जनित्रानें निर्माण केलेली वीज सहा कण्यांवरील सहा मोटरींना देतात, आणि चाकें फिरतात तीं या मोटरींच्या बळावर. इंजिनाच्या पोटांत एक लहानसें वीजघरच असतें म्हणाना.

गाडी सुटण्यापूर्वीं ड्रायव्हर मोठ्या काळजीनें पाहतो ती एक तबकडी. ती ब्रेकची. हा ब्रेक निर्वात नळीचा आहे. सबंध गाडीखालून एक नळी गेलेली असते, आणि तींतील हवा शोषून काढली कीं ब्रेक सुटतात. कांटा एकवीस इंचांच्या आसपास आला म्हणजे गाडी मोकळी झाली. नळींत हवा शिरली कीं ब्रेक लागतात; मग ती ड्रायव्हरनें घेतलेली असो, गार्डानें घेतलेली असो, किंवा डबा तुटून नळी फाटल्यामुळें शिरलेली असो. म्हणजे कांहींहि बिघडलें तर गाडी आपोआप थांबावी, अशी योजना.

ही योजना आयर्लंडनें फार मोठी किंमत देऊन विकत घेतली आहे. १८८९ च्या जून महिन्याच्या १२ तारखेस, डाउनपॅट्रिकच्या पश्चिमेस असलेल्या आर्मा या गांवाहून, मुलांची एक सहलीची गाडी निघाली. गाडी लांब, इंजिन अपुरें. चढावर तें थकून थांबलें. तेव्हां गाडीचे दोन भाग करून पुढचे डबे आधीं पोंचवावे आणि मग मागचे न्यावे, असें ठरलें. त्या गाडीचा ब्रेक उलट्या प्रकारचा होता. नळींतली हवा इंजिनानें शोषली तरच तो लागे. गाडी तोडतांच मागच्या दहा डब्यांचा तो ब्रेक नाहींसा झाला. त्यांना धरून ठेवणारे राहिले ते हाताचा एक ब्रेक आणि चाकांखालीं सरकविलेले दगड. पुढचा भाग निघतांना किंचित् मागें घसरला, त्याचा धक्का मागच्या डब्यांना बसला, दगड चिरडले गेले आणि ते डबे उतारावरून मागें सुटले. खालून दुसरी गाडी येत होती. कारण त्या काळीं तेथें पहिली गाडी पुढच्या स्टेशनाला पोंचल्याची खात्री करून घेण्याऐवजीं ठराविक मिनिटांच्या अंतरानें दुसरी सोडीत. त्या टकरींत सुमारें ऐशीं माणसें मेलीं आणि त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला, आणि एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावी हा नियमहि सक्तीचा केला. तबकडीवरील तो कांटा एकवीसवर स्थिर होईपर्यंत ड्रायव्हर दांड्याला हात लावीत नाहीं, त्याच्या मागें हा इतिहास आहे.

दुसऱ्या नियमाची खूणहि केबिनमध्यें दिसते. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत, यासाठीं त्या टप्प्याचें एकच टोकन असतें. तें हातांत आल्यावांचून ड्रायव्हर स्टेशन सोडीत नाहीं. आपल्याकडेहि एकेरी मार्गावर वेताच्या मोठ्या कड्यांत अडकविलेलें टोकन चालत्या इंजिनावर झेलतांना पुष्कळांनीं पाहिलें असेल, तत्त्व तेंच.

आतां सिग्नल पडतो, शिटी वाजते आणि ड्रायव्हर दांडा एक पायरी पुढें सरकवितो. घरघर वाढते, परंतु क्षणभर कांहींच हलत नाहीं. हलतो तो फक्त विजेच्या तबकडीवरील कांटा. मोटरी थांबलेल्या असतांना त्यांतून वीज भरमसाट वाहते. ती फार वेळ तशीच वाहूं दिली तर मोटरी जळतील. म्हणून कांटा चढतो तो पाहावयाचा, गाडीनें गति घेतली कीं तो उतरूं लागतो तें पाहावयाचें, आणि मगच पुढची पायरी द्यावयाची. घाई केली तर चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरील पकड मुळांतच थोडी. पाऊस पडला किंवा रुळांवर पानें चिकटलीं, तर ती आणखी कमी होते. त्यावर उपाय म्हणून इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. खटका दाबला कीं चाकांपुढें वाळू पडते. इतक्या अवाढव्य यंत्राला शेवटीं मूठभर वाळूचा आधार लागतो.

गाडी निघाली कीं समोरची खिडकी आपला चमत्कार दाखवूं लागते. रूळ मागें पळत नाहींत. ते पुढून येतात आणि पायांखालीं नाहींसे होतात. डावीउजवीकडे सखल ओली जमीन, टेकडीवर कॅथीड्रल, आणि पुढें नदीवरचा पूल. बाजूच्या खिडकींतून पूल ओलांडला हें केवळ आवाजावरून कळतें. येथें तो आधीं दिसतो, जवळ येतो आणि मग चाकांखालीं वाजतो. हें इंजिन ताशीं पाऊणशें मैल वेगानें धांवण्यासाठीं बांधलें होतें. येथें तें माणसाच्या धांवेहून फारसें जलद जात नाहीं. तरीसुद्धां ड्रायव्हरची नजर पुढेंच खिळलेली असते. ऐशीं टनांहून जड इंजिन आणि मागचे डबे पाहिजे त्या क्षणीं थांबत नाहींत. समोर अडथळा दिसला म्हणून ब्रेक लावावा, ही मोटारीची रीत झाली. आगगाडींत, जें अजून दिसत नाहीं त्यासाठीं ब्रेक आधींच लावावा लागतो. म्हणून ड्रायव्हरला रस्ता पाठ असावा लागतो. कोठें उतार लागतो, कोठें वळण आहे, फलाटाच्या कितीसें अलीकडे नळींत हवा घ्यावी, हें सारें ठाऊक असावें लागतें. त्याची शुद्ध हरपली तर काय, याचीहि सोय असते. डिझेल इंजिनांत हाताखालीं किंवा पायाखालीं असा एक खटका असतो, कीं तो सुटला तर गाडी आपोआप थांबते.

मठाच्या थांब्यावर गाडी टेकते ती इतक्या हळुवारपणें, कीं डब्यांतील उतारूंना ती केव्हां थांबली तें समजत नाहीं. ड्रायव्हरचें खरें कसब येथें आहे. आणि तें यशस्वी झालें कीं कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. परत येतांना इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणतात आणि ड्रायव्हर इंजिनाच्या दुसऱ्या केबिनमध्यें जातो. ‘ए’ इंजिनाला दोन्ही टोकांना केबिन आहे. १९६१ सालच्या त्या पंधरा अमेरिकन इंजिनांना ती एकाच टोकाला होती. उलट चालवितांना लांब नाकावरून पुढचें नीट दिसत नसे. म्हणून पुढल्या वर्षींच्या सदतीस इंजिनांना दोन्हीकडे केबिन करून घेण्यांत आल्या.

हीं इंजिनें जपावीं असें पूर्वीं फार थोड्यांना वाटलें. वाफेच्या इंजिनावर लोकांचें प्रेम होतें, आणि डिझेल तर त्या वाफेच्या इंजिनाला घालवून देणारें. त्यामुळें भंगारांत गेलीं तेव्हां त्यांच्यासाठीं हळहळणारे थोडेच निघाले. १९८९ सालीं स्थापन झालेल्या आयरिश ट्रॅक्शन ग्रुप या संस्थेनें मुद्दाम डिझेल इंजिनें वांचविण्याचें काम हातीं घेतलें. ‘ए ३९’ तिच्याच मालकीचें आहे. अशा कामांत पगार नसतो. सुटीच्या दिवशीं माणसें येतात, तेलानें माखतात आणि संध्याकाळीं घरीं जातात.

मग एक रास्त प्रश्न उरतो. इंजिन रंगवून संग्रहालयांत ठेवलें तर काय बिघडलें? चालविण्याचा खर्च कशाला? याला उत्तर असें आहे कीं, उभ्या इंजिनापासून त्याचा आकार तेवढा कळतो. कांटा किती चढूं द्यावा, ओल्या रुळावर वाळू केव्हां सोडावी, ब्रेक किती आधीं घ्यावा, घरघरींतला कोणता बारीक फरक म्हणजे आजाराची खूण, हें ज्ञान लोखंडांत नसतें. तें माणसांच्या हातांत आणि कानांत असतें. आणि एकापासून दुसऱ्याकडे जातें तें फक्त चालत्या इंजिनावर, शेजारीं उभें राहून. ज्यांनीं हीं इंजिनें नोकरींत चालविलीं, ते आतां वृद्ध झाले आहेत. ते आहेत तोंवर इंजिन चाललें नाहीं, तर पुढें तें चालवितां आलें तरी कसें चालवावें हें सांगणारा कोणी उरणार नाहीं.

हें काम किती नाजूक आहे, त्याचा प्रत्यय २०२३ सालीं आला. त्या वर्षीं डाउनपॅट्रिकला मोठा पूर येऊन स्टेशन आणि रूळ पाण्याखालीं गेले. डिझेल-विद्युत् इंजिनाच्या मोटरी कण्यांना लागून, अगदीं खालीं असतात; पुराचें पाणी प्रथम त्यांनाच गांठतें. विजेच्या मोटरींत पाणी गेलें कीं ती उघडून, वाळवून, तपासल्यावांचून चालवितां येत नाहीं. वर्षानुवर्षांचे कष्ट एका रात्रीच्या पाण्यानें धोक्यांत येऊं शकतात, हें तेथील मंडळींनीं प्रत्यक्ष पाहिलें, आणि पाणी ओसरल्यावर तीं साफसफाईला लागलीं.

केबिनमधून खालीं उतरणाऱ्या पाहुण्याच्या मनांत बहुधा वेगाची आठवण राहत नाहीं; वेग तेथें नसतोच. राहते ती ड्रायव्हरच्या नजरेची आठवण. तबकडीवरून रुळावर, रुळावरून सिग्नलवर आणि पुन्हां तबकडीवर, अशी ती अखंड फिरत असते. पुढच्या वेळीं तो साधा उतारू म्हणून डब्यांत बसेल, पूर्वींप्रमाणेंच बाजूला पाहील. परंतु गाडी फलाटाला अलगद टेकली, कीं पुढें कोणीतरी ती आधींच थांबवावयास लागला होता, हें त्याला आठवल्यावांचून राहणार नाहीं.